भोकांच्या बाजूची कड

दादाने पिशवी टेबलावर ठेवली आणि लगेच दोन पावलं मागे सरकला, ती दुसऱ्याच कुणीतरी आणल्यासारखा.

"जरा वास येतोय," तो म्हणाला.

जरा? दुकानात व्हिनेगरचा असा भपकारा सुटला होता की लुडबुडीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पिशवीतून फिल्मचा एक डबा उचलला. झाकण गंजून चिकटलं होतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं, तर झुरळांच्या अंड्यांची टरफलं टेबलावर सांडली आणि मागोमाग एक जिवंत झुरळ निघून, घरचंच असल्यासारखं, तिच्या बाहीकडे चालायला लागलं. रिळावर पांढरी पावडर धरली होती. फिल्म कडेने आत वळली होती आणि मधेमधे हाताला ओलसर, चिकट लागत होती. शेंबडासारखी, असं तिच्या मनात आलं, आणि मनात आलं म्हणून तिला आणखीच किळस आली.

"बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सगळे माझ्याकडे येतायत," दादा दारातूनच बोलत होता. "मोठ्या टीव्हीवर लावायचंय. बाहेर कुणाला द्यायचं नाही म्हणतात बाबा, त्यांच्या फिल्मला परक्याचा हात लागायला नको. म्हटलं, तू आहेस की. तुझं ते खटपटीचं मशीन झालं का?"

"झालंय जवळजवळ."

"मग झालं तर. आणि ऐक, तो पडण्याचा सीन नीट घे. आधी सुलटा, मग उलटा. लोक त्याचीच वाट बघतात."

लोक त्याचीच वाट बघतात हे काय लुडबुडीला सांगायला हवं होतं?

लुडबुडी हे काही कुणाचं नाव नसतं. पण घरात आपल्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागले, झेरॉक्सची मशीन दुरुस्त करणारी बाई म्हणून गावातली निम्मी ऑफिसं तिला ओळखू लागली, तरी घराच्या दाराच्या आत ती लुडबुडीच. ते नाव तिला एका दुपारी पडलं होतं आणि ती दुपार या पिशवीत होती.

दादाचा वाढदिवस होता. आई वरच्या खोलीतून केकचा ट्रे घेऊन जिना उतरत होती आणि बाबा खाली उभे राहून फिल्म काढत होते. चार वर्षांची लुडबुडी मधेच जिन्यावर धावली, आईच्या पायात आली, तिच्या कपड्याला धरून ओढलं आणि आई ट्रेसकट खाली. उजवं मनगट मोडलं. हाड बसवलं ते वाकडंच बसलं आणि त्या हाताची बोटं पुन्हा कधी धड मिटली नाहीत. आई त्याआधी एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायची. तिची रेघ बघायला वरचे साहेब टेबलापाशी येऊन उभे राहायचे म्हणे. ते सगळं त्या दुपारी संपलं.

आता माणसाने अशा फिल्मचं काय केलं असतं? जाळली असती, नाहीतर माळ्यावर टाकली असती. बाबा ती दाखवायचे. रविवारी भिंतीला पांढरी चादर लावायची, पाहुणे जमवायचे, बागेतली फिल्म, तळ्याकाठची फिल्म, आणि शेवटी हमखास ही. "आता बघा हं," ते म्हणायचे, "आमची लुडबुडी निघाली." पोरगी जिन्यावर धावायची, चित्राबाहेर हात घालायची आणि चित्राबाहेरून आई धाडकन मधोमध येऊन पडायची. लोक हसायचे. मग बाबा प्रोजेक्टर उलटा फिरवायचे. फरशीवरचा केक गोळा होऊन ट्रेमध्ये बसायचा, आई पाठीवरून उठून हवेत जायची, पोरगी मागच्या मागे पळायची. लोक पोट धरून हसायचे. आई तेव्हा स्वयंपाकघरात असायची, एका हाताने सगळ्यांचा चहा करत.

ते हसणं ऐकत लुडबुडी मोठी झाली. आईची बटणं, आईच्या चपलेचे पट्टे, बरण्यांची झाकणं, आईचे केस, सगळं तिच्याकडे. बाहेरगावी शिकायला दादा गेला. लुडबुडीलाही प्रवेश मिळाला होता, पण आईला हात कोण देणार? कुणी तिला राहा म्हटलं नाही, म्हणावंच लागलं नाही. लग्न केलं तेही दोन गल्ल्या सोडून, आणि अजून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती जाऊन आईचा अंबाडा घालून यायची. आपण मोडलं ते आपण निस्तरायचं, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याबद्दल तक्रार करावी असं तिला कधी सुचलंही नाही.

मशीन म्हणजे सगळा भंगाराचा कारभार होता. भंगारवाल्याकडचा मोडका प्रोजेक्टर, त्यात झेरॉक्स मशीनमधली हळू फिरणारी मोटर. जुन्या दिव्याने फिल्म भाजून निघाली असती, म्हणून टॉर्चचा पांढरा दिवा आणि त्याच्यापुढे आइस्क्रीमच्या डब्याच्या दुधी झाकणाचा तुकडा. समोर एक जुना कॅमेरा, त्याला भिंग चिकटपट्टीने बांधलेलं. चाकावर चुंबक बसवला होता. चाक एकदा फिरलं की फिल्म एक चित्र पुढे सरकायची, चुंबक स्विचवरून जायचा आणि कॅमेरा एक फोटो घ्यायचा. टक्. पुढचं चित्र. टक्. सगळे फोटो संगणकावर ओळीने लावले की हलतं चित्र तयार. तिचा नवरा या प्रकाराला "तुझा सांगाडा" म्हणायचा आणि, घर दुकानाच्या वरच असल्याने, वास नको म्हणून आपलं ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसायचा.

एक चूक मात्र झाली होती. प्रोजेक्टरमध्ये फिल्मपुढे पत्र्याची छोटी खिडकी असते. तिच्यातून दिसेल तेवढंच पडद्यावर पडतं. ही खिडकी गंजली होती आणि फिल्मवर ओरखडे पाडत होती, म्हणून लुडबुडी कानस घेऊन बसली. आता तिला घासायला बसवलं की ती उठते कशाला? गुळगुळीत झालेलं आणखी गुळगुळीत करत राहायची तिची खोड होती, दुकानातसुद्धा गिऱ्हाईक ताटकळायचं. खिडकी हवी त्यापेक्षा मोठी झाली. आता चित्राच्या चारी कडा दिसत होत्या, आणि एका बाजूला फिल्मची भोकंसुद्धा, ज्यांच्यात चाकाचा दात अडकून ती पुढे सरकते. भोकांच्या बाजूला तर संगणकावर बोटभर चित्र जास्तीचं दिसायचं. बाबांच्या चादरीवर ते कधी पडलंच नव्हतं. नंतर कापून टाकू, असं म्हणून तिने तो विषय सोडला.

खरी शिक्षा होती ती पुसण्याची. बाबांनी फिल्म जिथे जिथे जोडली होती तिथे पिवळा डिंक पाझरून बाहेर आला होता आणि त्यात मेलेल्या चिलटांचे पाय अडकले होते. शिवाय बाबांना एक सवय होती. फिल्मवर धूळ दिसली की ते तिला थुंकी लावायचे आणि रुमालाने पुसायचे. लहानपणी तिने हे हजारदा पाहिलं होतं आणि तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. आता त्या प्रत्येक डागावर बुरशी उगवली होती, करडी, केसाळ. आपल्या बापाच्या जुन्या थुंकीवर वाढलेली बुरशी आपण कापसाने पुसतोय, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. तिने हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, तरी संध्याकाळी घास तोंडाजवळ नेला की तोच आंबूस वास.

बागेची फिल्म झाली, तळ्याची झाली. सगळ्यांत सगळे हात हलवत होते, कारण हलतं चित्र आहे तर हला, असा बाबांचा हुकूम असायचा. मग एका दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन तिने जिन्याचं रीळ लावलं.

टक्. टक्. टक्. फोटो एकेक करून पडद्यावर येत होते. जिना. पोरगी खालच्या पायरीवर. पोरगी धावली. ही आपणच, म्हणून ती नेहमीप्रमाणे नजर चुकवायला गेली, आणि नजर गेली ती भोकांच्या बाजूच्या कडेवर.

तिथे आई होती. म्हणजे आईचं ते अर्धं अंग, जे आजवर कुणाला दिसलंच नव्हतं. आई भिंतीच्या कडेने उतरत होती. आणि तिच्याकडे गेलेला पोरीचा हात होता. हात उघडा होता, पाचही बोटं पसरलेली, आणि त्यात काही नव्हतं. हात आणि आईचा कपडा यांच्यामध्ये भिंतीचा चांगला रुंद हिरवा पट्टा दिसत होता.

लुडबुडीने मोटर थांबवली. मग हाताने चाक फिरवून एकेक चित्र पुढे नेऊ लागली.

आईच्या घोट्याजवळ एक काळी रेघ होती. आधी ती पायरीवर सैल पडलेली होती. पुढच्या चित्रात ती पायरीवरून उचललेली होती. त्याच्या पुढच्या चित्रात ताठ. वायर होती ती. वरच्या खोलीतून जिन्यावरून खाली, बाबांच्या कॅमेऱ्यावर बसवलेल्या दिव्याकडे आलेली. बाबा सगळं चित्रात यावं म्हणून मागे सरकत होते आणि ते सरकले तशी वायर ताणली जात होती. मग आईचा पाय तिच्यात अडकला आणि चित्राला हिसका बसला. त्या हिसक्याबद्दल बाबा नेहमी सांगायचे, "ती पडली आणि दचकून माझा हात हलला." हिसका आधी बसला होता. आई त्यानंतर पडली.

पोरगी तोवर दोन पायऱ्या खाली होती.

इथे थांबली असती तर निदान जेवण तरी पोटात राहिलं असतं. पण घासायला बसलेली लुडबुडी ती, थांबेल कशी? तिने चाक पुढे फिरवलं. आई फरशीवर पडलेली, हात अंगाखाली, तोंड उघडं. फिल्मला आवाज नव्हता हे बरं. कॅमेरा आता अजिबात हलत नव्हता, चित्र भिंतीवर टांगल्यासारखं स्थिर. आणि कडेने एक हात आला. डावा हात, मनगटावर ढिल्या पट्ट्याचं घड्याळ कोपराकडे घसरलेलं. तेच घड्याळ, तोच ढिला पट्टा बाबा अजून घालायचे. त्या हाताने वायर पकडली. ओढली. एक वेटोळं केलं. आणखी ओढली. दुसरं वेटोळं. आई तिथेच पडली होती, पोरगी पायरीवर बसून तोंड वासून रडत होती, आणि तो हात शांतपणे वायर गोळा करत होता. पायरीवरची सगळी वायर निघाली, मग कुठे फिल्म संपली.

लुडबुडी उठून मोरीवर गेली आणि ओकली. मग साबणाने हात धुतले, परत धुतले, आणि हात नाकाशी नेले तर वास तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे आईकडे गेली. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. काचेवर थुंकी टाकून, सदऱ्याच्या टोकाने.

"बाबा, त्या जिन्याच्या फिल्मला दिवा कुठे लावला होता?"

बाबांचा चेहरा खुलला. त्यांना असं कुणी विचारलं की ते दहा वर्षांनी लहान व्हायचे. "कॅमेऱ्यावरच. पट्टी होती, तिच्यावर बसवायचा. काय प्रकाश होता त्याचा. खाली तेव्हा प्लग नव्हता, वरून वायर आणली होती."

"जिन्यावरून."

"भिंतीच्या कडेने. मधोमध टाकायला मी काय वेडा आहे?"

"तुम्ही मागे सरकलात, वायर ताणली गेली, आणि आईचा पाय अडकला."

बाबांनी काच उजेडाकडे धरून बघितली. "तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

'काय बोलतेस' नाही, 'छे' नाही, 'असं नव्हतं' नाही. तुला कसं कळलं.

"कडेला दिसतंय."

"कड दिसत नसते."

"माझ्या मशीनमध्ये दिसते."

"मग तुझी खिडकी चुकलीये. कापून टाक तेवढं." त्यांनी चष्मा घातला. "चित्र काढणारा ठरवतो काय दाखवायचं ते. बाहेरचं काय करायचंय बघणाऱ्याला?"

"मला करायचंय. माझा हात तिला लागलासुद्धा नव्हता."

"धावली तर होतीस ना?" बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. "अगं, लहान होतीस तू. लहान पोराला कुणी दोष देतं का? लोक हसले आणि विषय संपला. माझ्यावर आलं असतं तर हसले असते का लोक?"

 समोर बसलेला हा म्हातारा रोज लुडबुडीकडून पेपर मागून घ्यायचा, आपल्या गोळ्या तिच्याकडून फोडून घ्यायचा, आणि त्याला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. ती आत गेली.

आई आरशासमोर, दाराकडे पाठ करून बसली होती, केस मोकळे सोडून. लुडबुडीने कंगवा घेतला.

"आई, तुझा पाय वायरीत अडकला होता."

आईने पाय आत ओढून घेतला. मग म्हणाली, "घोट्यावर वळ उठला होता. हाताचं एवढं झालं होतं, पाय कोण बघतंय."

कंगवा थांबला. "तुला माहीत होतं?"

"माझाच पाय होता तो."

"मग मला सगळ्यांनी... आई, तू पण मला लुडबुडीच म्हणतेस."

"सवय पडली गं." आईने वाकडा हात मांडीवर सारखा केला. "तुझे बाबा तेव्हा अगदी खचले होते. कॅमेरा विकून टाकतो म्हणत होते. एवढं एकच तर वेड होतं त्यांना. तू चार वर्षांची, म्हटलं विसरून जाईल."

"दर रविवारी दाखवत होते. विसरणार कशी?"

"नंतर सांगायचं राहून गेलं." पुढचं ती अगदी साध्या आवाजात बोलली. "आणि तू माझं इतकं करायचीस. सांगितलं असतं तर केलं असतंस की नाही, कोण जाणे."

लुडबुडीला त्या केसांची एकदम किळस आली. खोबरेल तेलाचा वास, कंगव्यात अडकलेला पांढरा गुंता, मानेवरचे तीळ, जे तिला स्वतःच्या तळहातासारखे पाठ होते. हात काढून घ्यावेसे वाटले. पण हात आपलं काम करतच राहिले, त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

"अपघात होता तो," आई म्हणाली. "त्यांच्या मनात काही नव्हतं. मी पडले आणि कॅमेरा-बिमेरा सगळं फेकून धावत आले ते माझ्याकडे. मला शुद्ध नव्हती तशी, पण पांढराफटक चेहरा आठवतो त्यांचा. तेवढ्यावर मी काढलं सगळं आयुष्य."

लुडबुडीने वायर गोळा करणारा तो हात मनातच ठेवला. अंबाडा घातला, जरा जास्तच घट्ट.

"कड काप तू ती," आई म्हणाली. "समारंभ आहे. कशाला उगाच."

दुकानात बसून तिने कड कापायला घेतली. चौकट ओढून आत आणली की वायर गेली, हात गेला, घड्याळ गेलं, आणि उरली एक आगाऊ पोरगी. चौकट बाहेर नेली की सगळं परत. तिने ते बऱ्याचदा करून बघितलं. कापलं तर ती मरेपर्यंत लुडबुडी. न कापलं तर बाबा धावत आले या ज्या समजुतीवर आईने आयुष्य काढलं तीच तिच्यादेखत मोडायची, आणि मोडणारी लुडबुडी. आयुष्यभर न मोडलेल्या गोष्टीची भरपाई केली होती, आता खरंच काहीतरी मोडायचं होतं. तिला बाबांची किळस येत होती, आईची येत होती, आणि हे असं तोलूनमापून ठरवणाऱ्या स्वतःचीही काही कमी येत नव्हती. शेवटी तिने न कापता सगळं पेन ड्राइव्हवर घातलं आणि खिडक्या उघडून टाकल्या.

वाढदिवसाला दादाचा हॉल माणसांनी भरला होता. बाबा मधल्या खुर्चीत, शेजारी आई, मागे मावशी, काका, दादाच्या ऑफिसातले लोक. मोठ्या टीव्हीवर बाग झाली, तळं झालं. सगळे हात हलवत होते आणि बघणारे आपापलं तोंड ओळखून खूश होत होते.

"या कडेला भोकं कसली?" दादा पुटपुटला.

"फिल्मची," लुडबुडी म्हणाली. ती दाराजवळ उभी होती.

जिना आला. बाबा तिच्याकडे बघतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी टीव्हीकडेही धड बघितलं नाही. सवयीने मान वळवून पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "आता बघा हं, आमची लुडबुडी निघाली."

पोरगी धावली. आई पडली. हॉल हसला.

कडेला सगळं होतं. उघडा हात होता, वायर होती, घड्याळाचा हात वेटोळी घालत होता, वीतभर मोठा दिसत होता टीव्हीवर. आणि कुणी म्हणजे कुणी तिकडे बघत नव्हतं. सगळ्यांना कुठे बघायचं ते पाठ होतं. लुडबुडीला वाटलं, या माणसांसमोर खून झाला तरी ही मधोमधच बघतील.

"आता उलटं," दादा म्हणाला, आणि उलटं सुरू झालं.

आई फरशीवर पडलेली. कडेला हात होता, तो हातातली वेटोळी सोडायला लागला. एक वेटोळं सुटलं. दुसरं सुटलं. वायर सावकाश जिन्यावर जाऊन पायरीवर बसत होती, कुणीतरी मुद्दाम मांडल्यासारखी.

"थांबव," आई म्हणाली.

दादा हसत होता, त्याला ऐकू आलं नाही. आईने डाव्या हाताने त्याच्या मांडीवरचा रिमोट उचलला आणि अंगठ्याने दाबला. चित्र थांबलं. हसणं थोडा वेळ चालू राहिलं, मग एकेक जण गप्प झाला. आई टीव्हीजवळ गेली, चष्मा सरळ केला आणि मधलं सगळं सोडून त्या कडेकडे बघत राहिली.

"हे तुमचं घड्याळ," ती म्हणाली.

बाबांनी नकळत मनगट झाकलं.

"मी पडलेय. आणि तुम्ही वायर गोळा करताय."

"ताणली होती ती," बाबा म्हणाले. "आणखी कुणाचा पाय लागला असता तर दिवा खाली आला असता. फुटला असता दिवा."

"मला वाटायचं तुम्ही धावत आलात."

"आलोच की," बाबा म्हणाले. "लगेच आलो."

टीव्हीवर हात तसाच थांबला होता, वेटोळं धरून.  मावशीला शांतता सहन होत नाही, ती म्हणाली, "जाऊ दे गं आता. लुडबुडी लहान होती, तिला काय कळतंय."

लुडबुडीला हसूच आलं, ओकारी यावी तसं. डोळ्यांसमोर वायर ताठ दिसत होती, पोरीचा रिकामा हात दिसत होता, आणि तरी हे.

"तिने काही केलं नव्हतं," आई मावशीकडे न बघता म्हणाली. "मला माहीत होतं."  तिने खुर्चीवरचा स्वेटर घेतला, एक हात घातला, दुसरा घातला. "मी घरी जाते."

डाव्या बाहीचं बटण तिला उजव्या हाताने कधीच लागत नसे. तिने सवयीने मनगट लुडबुडीपुढे धरलं. "बटण लाव गं."

लुडबुडीचा हात उठलाही होता. तो तिने खाली घेतला.

"बाबांकडून लावून घे," ती म्हणाली.

आईने तिच्याकडे बघितलं. मग वळली आणि तेच मनगट बाबांच्या नाकासमोर धरलं. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे बघत होते. ते खुर्चीत पुढे सरकले आणि दोन्ही हातांनी बटणाशी झटायला लागले. पन्नास वर्षांत हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं. बटण बोटांतून सुटायचं, ते पुन्हा पकडायचे.

दादाला तेवढ्यात समारंभ वाचवायचा मार्ग सापडला. त्याने मोबाइल वर केला. "थांबा थांबा. बाबा, असेच राहा. हा फोटो पाहिजेच."

आणि बाबांनी बटण सोडलं. पाठ ताठ केली, केसांवरून हात फिरवला, आणि ऐंशी वर्षांचं तोंड हसतं करून मोबाइलकडे बघितलं. आईची बाही तशीच उघडी लोंबत राहिली.

लुडबुडी माणसांतून वाट काढत मधे आली आणि मोबाइलच्या काचेवर तिने आख्खा तळहात ठेवला.

"मधेच काय तुझं," दादा म्हणाला.

"आधी बटण," ती म्हणाली.

तिने हात काढला नाही. बाबांनी त्या तळहाताकडे बघितलं. मग त्यांचं हसू गेलं, मान खाली गेली, आणि बोटांनी ते बाहीवर बटणाचं भोक शोधायला लागले.